मोबाइलच्या जीपीएसवर शेत मोजता येतं का? (उपग्रह, नकाशे आणि मोजणी)

शंकूसाखळी

खासगी सर्व्हेचं काम करतो. लेआउट, रस्ते, सोलरच्या जागा वगैरे. त्यामुळे ओळखीपाळखीतून एक प्रश्न सारखा येतो : "अ‍ॅप सुरू करून बांधावरून चक्कर मारली. सातबाऱ्यावर एक एकर आहे, अ‍ॅप ३७ गुंठे दाखवतंय. म्हणजे शेजाऱ्याने तीन गुंठे दाबलेच ना?"

एवढ्या फरकावरून काहीच सिद्ध होत नाही. ते का, हे इथे सविस्तर लिहितो, कारण या एका गैरसमजावरून चांगल्या घरांमध्ये बोलणं बंद झालेलं मी पाहिलं आहे.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांच्यात अणुघड्याळं असतात. 'मी अमुक ठिकाणी आहे, आत्ता इतके वाजलेत' एवढाच निरोप ते सतत पाठवत राहतात. आपला मोबाइल उपग्रहाला काहीही पाठवत नाही, फक्त ऐकतो. निरोप निघाला कधी आणि पोचला कधी, यातल्या फरकावरून अंतर काढतो. हा निरोप प्रकाशाच्या वेगाने येतो. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटीमीटर जातो, म्हणजे घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकलं तरी अंतर ३०० मीटरने चुकणार. मोबाइलमधलं घड्याळ तेवढं नेमकं नसतंच. म्हणून अक्षांश, रेखांश, उंची आणि मोबाइलच्या घड्याळाची चूक अशा चार अज्ञात गोष्टी एकदम सोडवाव्या लागतात, आणि त्यासाठी निदान चार उपग्रह दिसावे लागतात. हल्लीच्या मोबाइलला जीपीएसबरोबर रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ, चीनचे बायडू आणि काही मॉडेलांत आपले नाविक असे सगळे मिळून तीस-चाळीस उपग्रहही दिसतात. तरी मोकळ्या रानात साधारण तीन ते पाच मीटरची चूक राहतेच.

आता हिशोब करू. एक एकराचं चौकोनी शेत म्हणजे बाजू ६३-६४ मीटर. चार कोपऱ्यांवर प्रत्येकी तीन मीटरची चूक झाली, तीही वेगवेगळ्या दिशांना, तर क्षेत्रात दोन-अडीच गुंठ्यांचा फरक सहज पडतो. शेत लांबट पट्टीचं असेल तर त्याहून जास्त. मग ३७ गुंठे आणि ४० गुंठे यांत भांडण्यासारखं काय उरलं?

मोबाइलने शेत मोजूच नका असं मी म्हणत नाही. पेरणीला बियाणं किती, ठिबकची नळी किती, ट्रॅक्टरवाल्याला नांगरणीचे पैसे किती, यासाठी तो उत्तम आहे. हद्दीसाठी नाही.

कोरडवाहू

दादा, धागा कामाचा आहे. एक शंका. मी एकाच दिवशी लागोपाठ चकरा मारल्या तर क्षेत्र जवळजवळ सारखंच आलं, अर्ध्या गुंठ्याचा फरक. तीन-पाच मीटर चूक असती तर आकडे एवढे जुळले असते का? मला वाटलं माझा मोबाइल चांगलाच अचूक आहे.

शंकूसाखळी

@कोरडवाहू, फार चांगला प्रश्न. चुकांचा मोठा भाग वातावरणातून आणि उपग्रहाच्या घड्याळ-कक्षेतून येतो, आणि तो मिनिटामिनिटाला बदलत नाही. दहा-पंधरा मिनिटांत चक्कर पुरी केली तर चारही कोपरे जवळपास एकाच दिशेला, सारखेच सरकतात. आकार तसाच राहतो, अख्खं शेत उचलून दोन-तीन मीटर पूर्वेला ठेवल्यासारखं होतं. म्हणून क्षेत्र बरं येतं, पण जागा चुकते. म्हणजे मोकळ्या माळावर क्षेत्रातली चूक माझ्या वरच्या हिशोबापेक्षा कमी निघू शकते. तो हिशोब चुका सुट्या सुट्या असतील तेव्हाचा.

पण बांधावर झाडं असली, विहिरीवर पत्र्याची शेड असली की प्रत्येक कोपऱ्याची चूक वेगळी होते. सिग्नल पत्र्यावर, भिंतीवर आपटून लांबच्या वाटेने येतो आणि मोबाइल ते अंतर खरं धरतो. आंब्याखाली उभं राहून घेतलेला कोपरा दहा मीटरही पळतो. करून बघायचं असेल तर एका दगडावर मोबाइल ठेवून सकाळी एक नोंद करा, त्याच दगडावर दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळी दुसरी. दोन्ही ठिपके नकाशावर टाका, अंतर दिसेल.

स्क्रीनवर 'अचूकता ४ मीटर' असं येतं त्याचाही अर्थ बघा. अँड्रॉइडमध्ये ते वर्तुळ ६८ टक्क्यांचं असतं. तुम्ही त्या चार मीटरच्या वर्तुळात असण्याची शक्यता ६८ टक्के, म्हणजे तीनातल्या एका वेळी तुम्ही त्याच्या बाहेर.

आणि रस्ता दाखवणारी अ‍ॅप मोजणीला अजिबात वापरू नका. ती ठिपका ओढून जवळच्या रस्त्यावर बसवतात.

घाटवाट

वाचतोय, मस्त चाललंय. आमच्या ट्रेकर मंडळींची एक अडचण याच्याशी जुळते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने टोपोशीट (डोंगर-दऱ्यांचे चढउतार दाखवणारे नकाशे) स्कॅन करून मोबाइलमध्ये टाकले (पुण्याच्या आसपासचे ४७ एफचे), चार कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश शीटवर छापलेत तसेच भरले. मग गडाच्या दरवाजात उभं राहिलं की ठिपका शेजारच्या उतारावर पडतो. सगळीकडे, एकाच दिशेला, शंभरेक मीटर. स्कॅन वाकडं असेल म्हणून दुसऱ्या शीटवर पाहिलं, तिथेही तेच. का होतं असं?

शंकूसाखळी

@घाटवाट, स्कॅन वाकडं नाही. दोन वेगवेगळ्या पृथ्वी आहेत.

पृथ्वी नेमकी गोल नाही, म्हणून नकाशासाठी तिचा एक गणिती आकार मानावा लागतो. जुन्या टोपोशीटसाठी जॉर्ज एव्हरेस्ट या सर्व्हेअरचा १८३०चा लंबगोल धरला होता आणि तो मध्य प्रदेशातल्या सिरोंजजवळच्या कल्याणपूरच्या आधारबिंदूशी जोडला होता. तो भारतापुरता नीट बसावा असा ठरवलेला, त्यामुळे त्याचा मध्य पृथ्वीच्या खऱ्या मध्यापासून शेकडो मीटर बाजूला आहे. जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ वापरतं, त्याचा मध्य पृथ्वीच्या वस्तुमानाच्या मध्यावर. तोच दगड, पण दोन पद्धतींत अक्षांश-रेखांश वेगळे. पुण्याच्या भागात हा फरक शंभर मीटरांच्या वर जातो. शीट जोडताना प्रणाली म्हणून 'कल्याणपूर' निवडा, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये ती यादीत आहे. ठिपका दरवाजात येईल. विभागाने नंतर काढलेले ओपन सिरीज नकाशे डब्ल्यूजीएस-८४ मध्येच आहेत, त्यांना हे करायला नको.

धुक्यात कड्याच्या काठाने जाताना शंभर मीटर म्हणजे फार. तुमच्या ग्रुपमध्ये हे सगळ्यांना सांगा.

वर्धाकाठ

एव्हरेस्टचं नाव निघालं म्हणून लिहितो. त्यांच्या आधी भारताच्या मोजणीचं हे काम ज्यांनी उभं केलं ते विल्यम लॅम्बटन आमच्या हिंगणघाटात गेले, २० जानेवारी १८२३ला. त्यांची कबरही इथेच आहे. १८०२ साली मद्रासजवळ शंभर फुटी पोलादी साखळीने साडेसात मैलांची पायारेषा मोजून त्यांनी सुरुवात केली, आणि तिथून एकेक त्रिकोण जोडत, अर्ध्या टनाचं थिओडोलाइट (कोन मोजायचं यंत्र) टेकड्यांवर आणि देवळांच्या गोपुरांवर चढवत मध्य भारतापर्यंत आले. १८०८ साली तंजावरच्या मंदिरावर चढवताना ते यंत्र आपटलं, चक्र वाकलं. त्यांनी स्वतः बसून ते पुन्हा गोल केलं! आपल्या गावात एवढं मोठं माणूस पुरलेलं आहे हे इथल्या शाळेतल्या मुलांना कळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आता विदर्भवाल्यांसाठी कामाची सूचना. मीटरमध्ये काम करताना यूटीएमचा (पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे उभे पट्टे पाडणाऱ्या नकाशा-पद्धतीचा) पट्टा निवडावा लागतो. ७८ अंश रेखांशाच्या पश्चिमेला ४३, पूर्वेला ४४. पुणे, नाशिक, अकोला, अमरावती ४३ मध्ये. वर्धा, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली ४४ मध्ये. पुण्यातून आलेल्या साच्यात ४३ तसाच राहिला तर सगळं सहा अंश पश्चिमेला जातं. हिंगणघाटचं शेत दमण-वलसाडच्या किनाऱ्यापाशी दिसतं. तेवढं दूर गेलं तर लगेच लक्षात येतं, पण तोवर साइटवरचा एक दिवस गेलेला असतो.

शंकूसाखळी

@वर्धाकाठ, क्या बात है! लॅम्बटनची कबर प्रत्येक सर्व्हेअरने एकदा पाहावी अशी जागा आहे.

मृण्मयी_क

मी अमेरिकेत असते, बाबांची जमीन सातारा जिल्ह्यात आहे. गावाहून चुलतभाऊ, म्हणजे दादा, फोटो पाठवतो : उपग्रहाच्या चित्रावर गट नंबरच्या पिवळ्या रेघा, आणि आपल्या गटाची रेघ सरळ शेजाऱ्याच्या घरातून गेलेली. दादा म्हणतो, 'सरकारी नकाशाच दाखवतोय, अतिक्रमण आहे, वकील करू.' इकडून तीन आठवड्यांच्या सुट्टीवर येऊन मी नेमकं काय करावं? ते चित्र पुरावा म्हणून कितपत धरायचं?

शंकूसाखळी

@मृण्मयी_क, वकिलाआधी मोजणी. पण ते चित्र कसं तयार होतं ते आधी सांगतो.

त्यात दोन थर आहेत. खालचं उपग्रह-चित्र स्वतःच काही मीटर सरकलेलं असू शकतं. डोंगराळ भागात जास्त, कारण कॅमेरा तिरका बघतो आणि उंच जागा बाजूला कलते. वरच्या पिवळ्या रेघा गावच्या जुन्या कागदी नकाशावरून संगणकात उतरवलेल्या आहेत. १:१०,००० च्या नकाशावर अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर पाच मीटर होते. त्यात कागद दशकानुदशकं दमट दप्तरात राहून आकसलेला, घडीवर झिजलेला. असे दोन थर एकावर एक ठेवल्यावर रेघ घरातून जाणं हे अतिक्रमण असू शकतं, नसूही शकतं. त्या चित्रावरून ते सांगताच येत नाही. गट कुठल्या बाजूला आहे, रस्ता कुठून येतो, लगतदार (लागून जमीन असलेले) कोण, एवढं समजायला ते छान आहे.

खरी हद्द कशात आहे? टिपणात. ब्रिटिश काळी शंकू साखळीने मोजणी झाली तेव्हा प्रत्येक सर्व्हे नंबरसाठी एक कागद तयार झाला. शेतातून एक मुख्य रेषा, तिच्यापासून बांधाच्या प्रत्येक वळणापर्यंत काटकोनात घेतलेली अंतरं, आणि तीही साखळी-आण्यांत. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, तोच आपला गुंठा! टिपणाचं मोल असं की त्यात अंतरं आकड्यांत लिहिलेली आहेत. कागद आकसला तरी आकडा आकसत नाही. पुढे पोटहिस्से पडले त्यांची फाळणी, एकत्रीकरण झालं तिथे गटबुक, रस्त्याला-कालव्याला जमीन गेली तिथे कमी-जास्त पत्रक. हद्द या कागदांच्या साखळीतून ठरते. तिच्यात कुठेही अक्षांश-रेखांश नाही.

म्हणून उपग्रह हद्द सांगू शकत नाही. तो दगड आत्ता कुठे आहे ते सांगतो. दगड कुठे असायला हवा ते टिपण सांगतं. भूकरमापकाचं (सरकारी मोजणीदाराचं) कसब या दोघांना जुळवण्यात आहे : शिवेवरचे, लगतच्या नंबरांचे जुने पक्के दगड शोधायचे, त्यांच्यातली अंतरं टिपणाशी ताडून बघायची, जे जुळतात ते धरायचे आणि मग त्यावरून हरवलेला कोपरा काढायचा. यंत्र कितीही भारी असो, आधाराचा दगडच कोणी ट्रॅक्टरने हलवलेला असेल तर सेंटीमीटरपर्यंत अचूक असं चुकीचं उत्तर मिळतं. हे मी ठासून सांगतो, कारण 'रोव्हरने मोजलंय, आता काय बोलायचं' असं म्हणून लोक दगड तपासायचंच सोडून देतात.

तुम्ही येण्याच्या पुरेसं आधी भावाला सांगून तीन गोष्टी करा. भूमी अभिलेख कार्यालयातून टिपण, फाळणी, गटबुक यांच्या नकला काढा. ई-मोजणीवर हद्दकायम मोजणीचा अर्ज तुमच्या सुट्टीच्या तारखा धरून करा. आणि शेजाऱ्याशी एकदा बोला. लगतदारांना नोटीस जातेच, ती अचानक हातात पडली की माणूस बिथरतो. मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा, कोणत्या दगडावरून काम सुरू केलं ते विचारा. नंतर 'क' प्रत (मोजणीचा नकाशा) मिळेल. निकाल पटला नाही तर निमताना मोजणीचा (वरिष्ठांकडून फेरमोजणीचा) मार्ग आहे. घर पाडायला लावणं हा पुढचा, वेगळा प्रश्न. तिथे मात्र वकील लागेल.

मृण्मयी_क

खूप आभार. टिपण हा शब्दच मी पहिल्यांदा ऐकला. दादाला हा धागा पाठवते.

कोरडवाहू

रोव्हर म्हणजे तेच ना, काठीवर पांढरी टोपी असते ते? आमच्याकडे मोजणीला आले होते. तोही उपग्रहच बघतो, मोबाइलही तेच बघतो. मग तो सेंटीमीटरवर कसा येतो आणि मोबाइल मीटरवर का अडतो?

शंकूसाखळी

हो, तेच. दोन कारणं आहेत.

एक, रोव्हर एकटा नसतो. ज्याची जागा आधीच पक्की माहीत आहे अशा ठिकाणी दुसरा रिसीव्हर कायम चालू असतो. त्याला स्वतःची जागा ठाऊक असल्यामुळे आत्ता या क्षणी सिग्नल किती चुकतोय ते तो सांगू शकतो. जवळच्या रोव्हरलाही जवळपास तीच चूक होत असते, ती वजा होते. भारतीय सर्वेक्षण विभागाने अशी कायम चालणारी स्थानकं देशभर उभारली आहेत, महाराष्ट्रातही सत्तराहून अधिक आहेत. त्यांना कॉर्स म्हणतात. रोव्हरमध्ये सिमकार्ड असतं, दुरुस्ती इंटरनेटवरून येते. मोबाइलला रेंज नाही अशा खोऱ्यात मग स्वतःचा दुसरा रिसीव्हर (बेस) लावून रेडिओवरून काम करावं लागतं.

दोन, मोबाइल मुख्यतः सिग्नलवर चढवलेला संकेत मोजतो. त्याचा एकेक तुकडा ३०० मीटरच्या आसपास लांब असतो. रोव्हर संकेताच्या खालची मूळ लहर मोजतो, तिची लांबी १९ सेंटीमीटर. टेपवर सेंटीमीटरच्या रेघा स्पष्ट दिसतात पण मीटरचे आकडे पुसले गेलेत, अशी स्थिती असते. लहरीचा कुठला भाग पोचला ते मिलिमीटरपर्यंत कळतं, मध्ये पूर्ण लहरी किती होत्या ते कळत नाही. तो पूर्णांक सापडला की स्क्रीनवर 'फिक्स' येतं आणि चूक दोन-तीन सेंटीमीटरवर येते. सापडेपर्यंत 'फ्लोट', तेव्हा चूक अर्धा मीटरही असू शकते. शेतकऱ्याने मोजणीच्या वेळी एवढंच विचारावं : "साहेब, फिक्स आहे का?" झाडाखाली, विजेच्या मोठ्या टॉवरला खेटून, इमारतींच्या फटीत बहुतेकदा फ्लोट राहतं. तिथे इटीएस मशीनने (उपग्रहाशिवाय, किरण सोडून अंतर आणि कोन मोजणाऱ्या यंत्राने) कोपरा घ्यावा लागतो.

वेळेचाही परिणाम होतो. आपण विषुववृत्ताच्या जवळ आहोत, इथलं आयनांबर (वातावरणाचा विद्युतभारित वरचा थर) दुपारी आणि सूर्यास्तानंतर फार अस्वस्थ असतं. सौरडागांचं प्रमाण जास्त असलेल्या वर्षांत संध्याकाळी फिक्स मिळता मिळत नाही. शक्य असेल तर काम सकाळी उरकावं.

पाटबंधारे७

निवृत्त अभियंता. उंचीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मुंबईच्या चौपाटीवर पाण्याच्या कडेला उभे राहा आणि रिसीव्हरची मूळ उंची वाचा. उणे साठ मीटरांच्या पुढचा आकडा येईल. यंत्र बिघडलेलं नाही. ती उंची गणिती लंबगोलापासूनची आहे, आणि भारताच्या भागात प्रत्यक्ष समुद्रपातळी त्या लंबगोलाच्या बरीच खाली आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला तर शंभर मीटरांहून खाली. पाणी मात्र समुद्रपातळीला समांतर पृष्ठ पाहून वाहतं. त्यामुळे मधला फरक भरून काढणारं प्रारूप लावल्याशिवाय ती उंची वापरू नये.

शिवाय उपग्रह सगळे आपल्या डोक्याच्या वरच्या बाजूला, पायाखाली एकही नाही. म्हणून उंचीतली चूक आडव्या चुकीच्या दीडपट-दुप्पट असते. रोव्हरने चार सेंटीमीटर उंची चुकली तर रस्त्याला चालेल, पण १ : ५,००० उताराच्या पाटाला २०० मीटरमध्ये उतारच चार सेंटीमीटर असतो. तिथे आजही डंपी किंवा ऑटो लेव्हल (पातळी काढायची दुर्बीण) घेऊन, पक्क्या बेंचमार्कवरून (उंची ठरलेल्या खुणेवरून) सुरुवात करून, परत त्याच बेंचमार्कवर येऊन मिळवणी करायची. नव्या पोरांना हे कंटाळवाणं वाटतं, पण पाणी शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत पोचायचं तर हे करावंच लागतं.

शंकूसाखळी

@पाटबंधारे७ सर, शंभर टक्के. शेततळ्याच्या कामातही मोबाइलची उंची धरून खोदाई ठरवलेली पाहिली आहे. करू नका, साधी पाण्याची नळी घेऊन पातळी काढा, ती मोबाइलपेक्षा कितीतरी बरी.

घाटवाट

गावठाणातल्या घरांचं काय? तिथे सातबाराही नाही, टिपणही नाही.

शंकूसाखळी

बरोबर, गावठाणाची बहुतेक गावांत मोजणीच झालेली नव्हती. त्यासाठी ड्रोन आला. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत आधी प्रयोग झाला, नंतर एप्रिल २०२० मध्ये केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. पद्धत बघण्यासारखी आहे. आदल्या दिवशी प्रत्येक घरमालकाने आपली हद्द जमिनीवर चुन्याने आखायची, शेजाऱ्यांसमोर. मग ड्रोन फोटो घेतो आणि चुन्याची पांढरी रेघ चित्रात दिसते. म्हणजे इथेही हद्द ड्रोनने ठरवलेली नाही, माणसांनी आखली, ड्रोनने टिपली. त्यामुळे चुना पडत असताना घरचं कोणीतरी हजर हवंच. मुंबई-पुण्याला असलात तर त्या दिवशी गावी जा. नंतर चौकशीच्या वेळी हरकत घेता येते, पण शेजाऱ्यासमोर रेघ आखतानाच बोलणं कधीही सोपं.

कोरडवाहू

आमच्याकडे पुढच्या आठवड्यात गावठाणात चुना टाकायचाय असं ग्रामसेवक म्हणाले. थोरल्या भावाला फोन करतो आजच. आणि शेताच्या टिपणाची नक्कल कुठल्या नावाने मागायची? आता गट नंबर आहे, टिपण जुन्या सर्व्हे नंबरचं असणार.

शंकूसाखळी

दोन्ही लिहा. गट नंबरावरून जुना सर्व्हे नंबर काढून देणारा तक्ता तलाठ्याकडे आणि भूमी अभिलेख कार्यालयात दोन्हीकडे असतो, एकत्रीकरणाच्या वेळी तो केलेला आहे. अर्जात 'गट नंबर अमुक, जुना सर्व्हे नंबर तमुक, त्याचं टिपण, फाळणी व गटबुकाची नक्कल' असं स्पष्ट लिहा, आणि लगतच्या नंबरांची टिपणंही त्याच अर्जात मागून घ्या. तुमच्या कोपऱ्याचा दगड हरवला असेल तर तो शेजारच्या टिपणातून सापडतो.